ब्रेकची हवा काढायला दोघं लागतात

माझ्या मामाला गाडी चालवता येत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं वाचून कुणालाही वाटेल की हा माणूस बॉनेटखालीच जन्माला आला असणार. जन्मभर त्यानं ती एकच गाडी खोलली, जोडली, पुसली, तिच्याखाली झोपला, तिला शिव्या दिल्या आणि मग हळूच तिची माफीही मागितली. चालवली मात्र नाही. लग्नानंतर मामीनं त्याला एकदा शिकवायला म्हणून शाळेच्या मैदानावर नेलं होतं. एवढ्या मोकळ्या मैदानात मामानं नेमका फुटबॉलचा खांब शोधून काढला. मामी हे सांगताना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची. "मी इकडे कपाळ धरून बसलेय, आणि हे उतरून पुढे धावले. 'फार लागलं का गं?' म्हणून विचारतायत. कुणाला? बंपरला!"

त्या दिवशी कामांची वाटणी झाली ती झाली. मामी चालवणार, मामा दुरुस्त करणार. कुठं जायचं असलं की मामी स्टिअरिंगवर आणि मामा शेजारी, मांडीवर पिशवी घेऊन, नव्या नवरीसारखा. गल्लीतले लोक हसायचे. मामाला त्याचं काही नव्हतं. गाडीचा आवाज ऐकण्यात तो इतका गुंग असायचा की लोकांचा आवाज त्याच्यापर्यंत पोचतच नसे.

मामी गाडीला 'माझी सवत' म्हणायची. "रविवारचा अख्खा दिवस तिच्यापाशी. माझ्या वाट्याला काय, तर तेलकट कपडे."

मामा हायस्कूलच्या प्रयोगशाळेत सहायक होता. तो शिकवायचा नाही. शिकवणाऱ्यांना परीक्षानळ्या मांडून द्यायचा, आणि मुलांनी जे फोडलं, सांडलं, पेटवलं ते आवरायचा. तरी सगळी गल्ली त्याला मास्तर म्हणायची आणि तोही कुणाची चूक काढत बसायचा नाही. निवृत्त होताना त्यानं प्रयोगशाळेतल्या दोन गोष्टी घरी आणल्या. एक म्हणजे बाटलीला चिठ्ठी लावायची खोड. स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीवर 'मीठ' आणि त्याखाली मिठाचं रासायनिक नाव. मामी म्हणायची, "बरं केलंत हो, नाहीतर मी चहात घातलं असतं." आणि दुसरी गोष्ट म्हणजे त्याचा खाकी कोट. ॲसिडनं खिसे चाळण झालेला तो कोट गाडीच्या कामाचा गणवेश झाला. कोट अंगात चढला की मामा वेगळाच माणूस व्हायचा. घरात पंख्याचं बटणसुद्धा विचारून दाबणारा माणूस गाडीसमोर एकदम सर्जन.

मामी त्याच गाडीतून शाळेची मुलं न्यायची आणि आणायची. गाडी लहान, मुलं फार. मोठ्यांच्या मांडीवर धाकटी आणि धाकट्यांच्या मांडीवर दप्तरं. कुणाचं दार कुठल्या रंगाचं, कुणाची आई रोज उशीर करते, कुणाला वळणावर मळमळतं, सगळं तिच्या डोक्यात. असल्या गाडीची दुरुस्ती म्हणजे खेळ नव्हे, हे मामाला कळत होतं. म्हणून तर त्यानं ठरवलं होतं की आपल्या गाडीला परक्याचा हात लागता कामा नये.

आता गंमत अशी की रस्त्याच्या पलीकडे, अगदी समोर, मिस्त्रीचं गॅरेज. मिस्त्री भला माणूस. जुन्या टायरावर बसून चहा पीत तो मामाची कसरत बघायचा.

"मास्तर, येऊ का?"

"नको."

"नुसतं बघायला?"

"बघायचं तर तिथूनही दिसतं."

दिसायचं खरंच. मामानं हॉर्न दुरुस्त केला तेव्हापासून गाडी उजवीकडे वळली की हॉर्न आपोआप वाजायला लागला. वायपर नीट केला, तर तो एकदा काच पुसून मध्येच उभा राहायचा, काहीतरी आठवत असल्यासारखा. एकीकडची गळती थांबवली की दुसरीकडची सुरू. हातातून सुटलेला नट जमिनीवर पडत नाही, हे ज्ञान मला मामामुळे झालं. तो इंजिनात कुठेतरी एकदा टण् करतो आणि मग या जगात राहत नाही. उलट, काम संपल्यावर एखाददुसरा स्क्रू उरायचाच, जो कुठून आला हे कुणालाच माहीत नसायचं. ते सगळे एका बरणीत जायचे. बरणीवर चिठ्ठी होती, 'शिल्लक'.

"अहो, जरा बेतानं," मामी म्हणायची. "एक दिवस गाडी सगळी बरणीत जाईल आणि रस्त्यावर नुसती नंबरप्लेट राहील."

मामाला राग यायचा नाही. बोटाची सालटं निघाली, कोपर भाजलं, पाना सटकून नाकावर बसला, तरी तो फक्त "हं" म्हणायचा आणि आत जाऊन पट्टी लावून परत यायचा. पट्टीही अशी नीट लावलेली की वाटावं, आता तिच्यावरही चिठ्ठी चिकटवणार.

पण एक काम मात्र दोघांना मिळून इतकं सुरेख जमायचं की मिस्त्रीसुद्धा चहा थांबवून बघायचा. ते काम म्हणजे ब्रेकची हवा काढणं. ब्रेकच्या नळीत तेल असतं. त्यात हवा शिरली की पेडल दाबलं तरी पाय नुसता खाली जातो, गाडी थांबत नाही. ती हवा काढायला दोघं लागतात. एक आत बसून पेडल दाबतो. दुसरा चाकाशी आडवा होऊन मागचा बारीक स्क्रू सैल करतो, तेलाबरोबर बुडबुडे बाहेर येतात, आणि स्क्रू पुन्हा घट्ट होईपर्यंत वरच्या माणसानं पाय उचलायचा नसतो. उचलला तर हवा परत आत, आणि सगळी मेहनत पाण्यात.

मामा खालून म्हणायचा, "दाब."

वरून मामी, "दाबलं."

"धर."

"धरलंय."

"सोड."

"सोडलं."

सगळी दुपार एवढंच. एकमेकांची तोंडं दिसत नसायची. मामाचे पाय गाडीबाहेर, मामीचं डोकं खिडकीत, आणि मध्ये लोखंड. मामानं स्क्रूला बांधलेली रबरी नळीही प्रयोगशाळेतली आणि तिचं दुसरं टोक मोजपात्रात. बुडबुडे संपले की तो खालूनच जाहीर करायचा, "शुद्ध!" मग मामी हॉर्न वाजवायची. हा त्यांचा प्रेमालाप. दुसरा मी तरी कधी ऐकला नाही.

मग मामी विसरायला लागली.

आधी नावं गेली. मग वार. एका मुलाला तिनं दुसऱ्याच्या दारात उतरवलं. तो शहाणा होता, चालत घरी गेला, पण दुसऱ्या दिवशी त्याच्या आईनं त्याला पाठवलं नाही. हळूहळू सगळ्यांनीच मुलं पाठवणं बंद केलं. कुणी तोंडावर काही बोललं नाही, "काकू, आता तुम्ही आराम करा" म्हणाले. डॉक्टरांनी मामाला आणि माझ्या आईला समोर बसवून सांगितलं की हे विसरणं वाढत जाणार, कमी होणार नाही. माझी आई म्हणजे मामाची धाकटी बहीण. आम्ही त्याच गल्लीत राहतो. बाहेर आल्यावर मामानं आईला एवढंच विचारलं, "मलाही विसरेल?"

"असं कसं दादा," आई म्हणाली. "वहिनी तुला कशी विसरेल?"

आई खोटं बोलली की पदर सारखा करते. मामानं ते बघितलं.

तेव्हापासून मामाचा जीव त्या एकाच गोष्टीत अडकला. सकाळी मामी उठली की तो तिच्यासमोर जाऊन उभा राहायचा. ती "चहा झाला का हो?" म्हणाली की त्याचा दिवस चालू. एखाद्या सकाळी ती नुसतीच बघत राहायची. मग तो उगाच खोलीतून बाहेर जायचा आणि परत आत यायचा, अडलेल्या दाराला दुसऱ्यांदा ढकलून बघतात तसा.

एका सकाळी मामा आंघोळीला गेला आणि बाहेर आला तर गाडी नाही. मामी नाही. आम्ही सगळे रस्त्यावर. मामा टॉवेल खांद्यावर घेऊन चौकापर्यंत धावला. कुणाला विचारायचं, कुठं बघायचं, कळेना. आणि मग लांबून हॉर्न ऐकू आला. गाडी उजवीकडे वळत होती. मामाच्या आयुष्यातली ती एक बिघडलेली दुरुस्ती अशी उपयोगी पडली.

गाडी दारात थांबली. मामी उतरली, पदर खोचला आणि म्हणाली, "आज सुट्टी आहे, मला कुणी सांगितलंच नाही." मागच्या सीटवर गुडघे हनुवटीला टेकवून एक मिशीवाला बाप्या बसला होता. कधीकाळी तो मामीच्या गाडीतून शाळेत जायचा. मामीनं त्याच्या दारात जाऊन हॉर्न वाजवला होता, तो बाहेर आल्यावर "दप्तर कुठंय?" म्हणून रागावली होती, आणि पुढं बसायला लागला तर "मागे! पुढची जागा मोठ्या मुलांची" म्हणाली होती. तो गुपचूप मागे बसला आणि 'आज शाळेला सुट्टी आहे' असं गोड बोलून तिला घरापर्यंत घेऊन आला.

तो मामाला बाजूला घेऊन म्हणाला, "मी बसलो नसतो तर काकू पुढच्या घरी गेल्या असत्या. आणि काका, गाडीचा ब्रेक बघा. दोनदा पाय आपटल्यावर लागतोय."

मामाची मुलगी दूर असते. तिनं फोनवर एकच वाक्य लावून धरलं. "बाबा, गाडी काढा."

"बॅटरी काढून ठेवलीय मी. आता सुरू होणार नाही."

"बॅटरी नाही बाबा, गाडी काढा. आई उद्या ढकलत नेईल."

मिशीवाला गाडी घ्यायला तयार होता. मामा हो म्हणाला. पण त्याची एक अट होती. ब्रेक मी स्वतः नीट करून देणार. खराब ब्रेकची गाडी मी कुणाच्या गळ्यात मारणार नाही.

यात काही डाव होता असं नाही. ब्रेक खरंच गेला होता. मामानं मागचं चाक काढलं, आणि आतला ड्रम निघेना. हातोडीनं ठोकला, लाकडाचा ठोकळा लावून ठोकला, गरम पाणी ओतलं, हात जोडले. मिस्त्री पलीकडून ओरडला, "मास्तर, गंजलाय तो. मी येऊ?"

"नको."

पुढच्या रविवारी ड्रम निघाला, तो मामाच्या अंगठ्यावर. आत तेल गळत होतं. स्पेअर पार्टवाल्यानं जे रबर दिलं ते मोठं निघालं, बदलून दिलं ते लहान निघालं. योग्य मापाचं मिळालं तेव्हा ते बसवताना स्प्रिंग उडाली आणि शेजारणीच्या धुण्याच्या बादलीत जाऊन पडली. शेजारीण ती चिमट्यात धरून घेऊन आली आणि म्हणाली, "हे तुमचं असणार. आमच्याकडे असलं काही उडत नाही." सगळं जोडल्यावर हवा काढायचा स्क्रू हलेना. मामानं जोर लावला आणि पाना गर्रकन फिरला. स्क्रूचे कोपरे गेले. मामा बराच वेळ गाडीखाली तसाच पडून राहिला. मी वाकून विचारलं, "काय झालं?" तर म्हणाला, "काही नाही. आम्ही दोघंही गप्प आहोत."

शेवटी चिमटपान्यानं धरून त्यानं तो स्क्रू सैल केला, आणि खालूनच सवयीनं हाक मारली, "अगं, ये."

मामी त्या दिवशी सकाळपासून हरवलेली होती. तिनं आईला ओळखलं नव्हतं. मला तर ती बरेच दिवस 'पोस्टातले' म्हणत होती. पण हाक ऐकली आणि उठली. चपला घातल्या, ड्रायव्हरच्या सीटवर बसली, आरसा नीट केला, आणि पाय बरोबर पेडलवर.

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलंय. अहो, कोट घातलाय ना? शर्ट खराब कराल."

गाडीखालून मामाचा आवाज आला. "घातलाय. सोड."

"सोडलं."

त्या दुपारी ती सगळी परत आली होती. सवत काय म्हणते, विचारलं. बरणीत आज काय पडलं, विचारलं. मला नावानं हाक मारून म्हणाली, "तू काय उभा आहेस खांबासारखा? तुझ्या मामाला खांब दिसला की काय होतं माहीत आहे ना?" मामा खाली हसला. गाडी हलली इतका हसला.

मग ब्रेक काही नीट होईना. रविवार गेले. मिशीवाला विचारून गेला, मुलगी फोनवर चिडली. मी दर रविवारी मोजपात्र धरायला जायचो, आणि एकदा मला दिसलं की नळीतून नुसतं स्वच्छ तेल येतंय.

"मामा, बुडबुडे संपले."

"येतील."

"अरे, एकही नाही."

मामानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग नळी काढली आणि स्क्रू तसाच उघडा ठेवून मामीला पाय उचलायला लावला. हवा आत ओढली गेली. फुस्स असा बारीक आवाज आला.

"हे झालं की गाडी जाणार," तो हळू म्हणाला. "गाडी गेली की रविवारी हिला काय म्हणून हाक मारू? घरात मी समोर उभा राहिलो तर ही कधी ओळखते, कधी नाही. इथं अजून चुकलेली नाही." मग मोठ्यानं, "दाब!"

"दाबलं! अहो, आज फार हवा आहे."

"हो ना," मामा म्हणाला. "कुठून येते कोण जाणे."

मी मोजपात्र धरून राहिलो.

पण हवेसारखं मामीचं नव्हतं, तिथं स्क्रू मामाच्या हातात नव्हता. एका रविवारी ती हाकेसरशी आली, बसली. मामानं "दाब" म्हटलं तर पेडल खाली गेलं. "दाबलं" आलं नाही. "धर" म्हटल्यावरही वरून काहीच नाही. मामानं स्क्रू उघडला, बंद केला.

"सोड."

मामीचा पाय तसाच.

"अगं, सोड ना."

मी खिडकीतून पाहिलं. ती समोरच्या काचेतून भिंतीकडे बघत होती आणि पाय दाबून दाबून थरथरत होता. मामा सरपटत बाहेर आला. खाकी कोट, काळे हात, कपाळावर तेल. दाराशी गुडघ्यावर बसला आणि त्यानं तिच्या पायाला हात लावला. मामीनं पाय झटकन मागे घेतला. साडी सावरली. आणि परक्या माणसाशी बोलतात तसं अगदी नीट बोलली.

"मिस्त्री, तुम्ही जरा थांबा. आमचे हे येतील एवढ्यात."

मामानं हात मागे घेतला.

"त्यांना विचारल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही. त्यांना आवडत नाही. सगळं ते स्वतः करतात."

"कुठं गेलेत?" मामानं विचारलं.

"शाळेत असतील. कुणीतरी काहीतरी फोडलं असेल, दुसरं काय." मग ती जरा वाकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "तसं त्यांना फारसं येत नाही. पण तुम्ही त्यांना म्हणू नका हं. मन लावून करतात."

"नाही म्हणणार," मामा म्हणाला.

तो उठला, कोट खिळ्याला अडकवला आणि आत गेला. बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता. मामी गाडीत ताठ बसून राहिली, माझ्यावर नजर ठेवून. मी काही चोरू नये म्हणून असेल. मामा बाहेर आला तो पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून. हात घासून घासून लाल केले होते.

मामीचा चेहरा एकदम उजळला. "आलात? कधीची बसलेय मी! तो कोण मिस्त्री गाडी उघडून बसला होता. चांगलं बजावलं मी त्याला."

"बरं केलंस."

"गेला का?"

"गेला."

"काय करून ठेवलंय ते तुम्हीच बघा आता."

मामानं खिळ्यावरच्या कोटाकडे पाहिलं. मग मामीकडे. "नंतर बघतो," म्हणाला. "तू आत चल. ऊन लागतंय."

प्रयोग एकदा करून निष्कर्ष काढायचा नाही ही मामाची शिस्त. पुढच्या रविवारी त्यानं कोट तिच्यासमोरच घातला. "हे बघ, मीच आहे. मीच कोट घालतोय." एकेक बटण तिला दाखवून लावलं. मामी हसत होती, "काय लहान मुलासारखं चाललंय तुमचं" म्हणत होती. तो गाडीखाली गेला आणि लगेच बाहेर आला. नुसता गेला आणि आला. हातांना थोडंसं तेल.

मामीनं साडी सावरली. "मिस्त्री," ती म्हणाली, "आमचे हे घरात नाहीत."

मामा मला म्हणाला, "जा. समोरून मिस्त्रीला बोलाव."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मिस्त्रीलाही तसंच वाटलं. तो चहाचा कप तसाच घेऊन आला. गाडीखाली वाकला आणि पहिलंच वाक्य, "या स्क्रूचे कोपरे कुठल्या गाढवानं खाल्ले?" मग त्याच्या लक्षात आलं आणि तो खोकला. पेडलवर मी बसलो. मामा हात धुऊन, इस्त्रीचा शर्ट घालून मामीच्या शेजारी पायरीवर बसला होता, पाहुण्यासारखा.

"दाबा," मिस्त्री म्हणाला. "धरा. सोडा."

मामी मान वाकडी करून ऐकत होती. मग मामाच्या हाताला धरून म्हणाली, "अहो, तो मुलगा पाय लवकर उचलतोय. हवा आत जाईल. सांगा ना त्याला."

"सांगतो."

"जवळ जाऊन सांगा."

"इथूनच सांगतो," मामा म्हणाला, आणि जागचा हलला नाही.

ब्रेक झाला. फार वेळ लागला नाही, ते मला मामासाठी जरा वाईटच वाटलं. मिस्त्री हात पुसत आला. "मास्तर, स्क्रू नवा टाकलाय. बाकी आतलं काम तुम्ही चोख केलंत हं." हे त्यानं खरं सांगितलं की मामासाठी, मला माहीत नाही. बोलता बोलता त्यानं मामाच्या खांद्यावर हात ठेवायला उचलला, आणि मामा दचकून मागे सरकला. मिस्त्रीनं आपल्या काळ्या हाताकडे पाहिलं. त्याला वाटलं मास्तर अजून रागावलेत. तसं नव्हतं. शर्टाला डाग पडला असता.

आठवड्याभरात मिशीवाला येऊन गाडी घेऊन गेला. मामी दारात होती. गाडी कोपऱ्यावरून उजवीकडे वळली, हॉर्न वाजला. "कुणाची हो ही?" तिनं विचारलं. मामा म्हणाला, "शाळेची." तिला ते पटलं.

आता गल्लीत म्हणतात, मास्तर म्हातारपणी फॅशनेबल झाले. सकाळी उठल्यापासून इस्त्रीचा शर्ट, भांग, नखं स्वच्छ. भाजी आणायलाही तसेच, झाडांना पाणी घालायलाही तसेच, तेही लांबून, शिंतोडा उडू नये असं. परवा मी गेलो तर स्वयंपाकघरातला नळ गळत होता. टप टप चालू होतं. एरवी मामानं या नळाची तीन पिढ्यांची चौकशी केली असती.

"मामा, वॉशर गेलाय रे. पाना कुठंय तुझा?"

"राहू दे. प्लंबरला सांगितलंय."

"प्लंबर? वॉशरसाठी?"

मामी ओट्याशी उभी होती. तिचा तो दिवस बरा होता. "अहो, तुम्हीच करा की," ती म्हणाली. "तुम्हाला येतं ना सगळं."

मामानं नळाकडे पाहिलं. नळाखाली हिरवट काळा चिकटा जमला होता. त्याची बोटं एकदा हलली, तेवढीच. मग त्यानं हात मागे बांधले.

"नाही गं," तो म्हणाला. "मला त्यातलं काही येत नाही."

"तुम्हाला येत नाही?" मामी हसायला लागली. तशीच, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग तिनं नळाखाली एक पातेलं सरकवलं, त्याच्याजवळ आली आणि त्याच्या शर्टाची कॉलर, आधीच सरळ होती ती, दोन्ही हातांनी पुन्हा सरळ केली.